ॲप तुमचं, मग किल्ली कोणाकडे? हेरोकूची कमांड लाइन आपल्या लॅपटॉपवर बसवूया



दिवाळीला तीन आठवडे असताना आपल्या जुन्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. फराळाच्या ऑर्डरी घेणारं त्यांचं छोटं वेब ॲप सकाळपासून उघडत नव्हतं. ॲप करून देणारा मुलगा नोकरीला लागून बाहेरगावी गेलेला, फोन उचलत नव्हता. मी विचारलं, "ताई, ॲप कुठल्या सर्व्हरवर आहे?" "ते त्यालाच माहीत." "अकाउंट कोणाच्या नावावर?" "त्याच्याच असेल." दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाशी बोलणं झालं तेव्हा कळलं, की त्याच्या कार्डाची मुदत संपली होती, महिन्याचे पैसे गेले नव्हते आणि अकाउंट थांबवलं गेलं होतं. मुलाने लबाडी केली नव्हती, बिचारा विसरला होता. पण ऐन हंगामातला दीड दिवस ताईंना स्वतःच्याच ऑर्डरी बघता येत नव्हत्या.

गाळा भाड्याने घेतल्यावर आपण कुलपाची किल्ली फर्निचर करणाऱ्या सुताराकडे ठेवतो का? ॲपच्या बाबतीत मात्र बहुतेक लोक नेमकं तेच करतात. म्हणून आजच्या व्हिडिओत आणि या लेखात मी हेरोकू या प्लॅटफॉर्मचं कमांड लाइन साधन तुमच्या लॅपटॉपवर कसं बसवायचं ते दाखवतोय. "सर, मी प्रोग्रामर नाही, हे काळ्या खिडकीतलं मला कशाला?" असं तुम्ही म्हणणार, माहीत आहे. कोड तुम्हाला लिहायचा नाहीये. पण ॲप चालू आहे की बंद, बंद का पडलं, काल चालणारी आवृत्ती परत कशी आणायची आणि ऑर्डरींची प्रत घरी कशी उतरवायची, या गोष्टी मालकाला आल्या पाहिजेत. त्यासाठी जेमतेम आठ-दहा कमांड लागतात.

एक सूचना आधीच. खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, म्हणजे वाचताना अडखळायला नको. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान लिपीत करायच्या. अचूक स्पेलिंग व्हिडिओत पडद्यावर मोठ्या अक्षरात आहे, तिथे थांबवून बघा.

हेरोकू म्हणजे नेमकं काय

साधा सर्व्हर भाड्याने घेतला की ऑपरेटिंग सिस्टीम, सुरक्षा, अपडेट सगळं आपल्या गळ्यात. हेरोकूसारख्या प्लॅटफॉर्मवर आपण फक्त ॲपचा कोड पाठवतो, बाकीचं ते बघतात. रिकामा प्लॉट घेऊन बांधकाम करणं आणि वीज-पाण्यासकट तयार गाळा घेणं, एवढा फरक. ही कंपनी २००७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, २०१० मध्ये सेल्सफोर्सने ती विकत घ्यायचं जाहीर केलं. तुमचं ॲप ज्या डब्यात चालतं त्याला ते 'डायनो' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, बिल त्याचंच येतं.

आणि बिल येतंच. युट्यूबवर अजूनही जुने व्हिडिओ फिरतात, 'हेरोकूवर फुकट ॲप टाका' म्हणून. ते फुकट प्रकरण २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झालं. आता सर्वांत स्वस्त इको योजना महिना ५ डॉलर, त्यात १००० तास मिळतात, आणि ते तुमच्या सगळ्या इको ॲपमध्ये मिळून. ३१ दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात, म्हणजे एक ॲप आरामात बसतं. पण इको डायनो ३० मिनिटं कोणी गिऱ्हाईक आलं नाही की झोपतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो जागा होईपर्यंत काही सेकंद ताटकळावं लागतं. शिकायला ठीक आहे. खरोखर ऑर्डरी घ्यायच्या असतील तर ७ डॉलरचा बेसिक घ्या, तो झोपत नाही. डेटाबेसचं भाडं वेगळं. वर त्या दिवशीचा डॉलरचा दर आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरा. हा आकडा तुमच्या महिन्याच्या खर्चाच्या वहीत, पॅकिंगच्या पिशव्यांच्या शेजारी, आजच लिहा.

अकाउंट आधी, साधन नंतर

लोक घाईघाईने साधन बसवतात आणि लॉगिन डेव्हलपरच्या अकाउंटने करतात. तसं नको. आधी तुमच्या धंद्याच्या ईमेलवर स्वतःचं अकाउंट उघडा. भाच्याच्या ईमेलवर नाही, कॉलेजातल्या जुन्या ईमेलवर नाही. कार्ड तुमचं द्या. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार बहुतेक वेळा बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा आणि मर्यादा कमी ठेवा.

अकाउंटला दुहेरी पडताळणी सक्तीची आहे, म्हणजे पासवर्डबरोबर मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर ॲपमधला आकडा द्यावा लागतो. तिथेच रिकव्हरी कोड घेण्याची सोय असते. हे कोड छापा आणि उद्यम नोंदणीचा कागद ज्या फाइलमध्ये आहे त्याच फाइलमध्ये लावा. मोबाइल पाण्यात पडला तर हाच कागद तुम्हाला आत घेईल.

आता साधन बसवू. विंडोजवर दोन गोष्टी लागतात. पहिली गिट, कारण कोड हेरोकूकडे गिटमार्फत जातो. दुसरी हेरोकूचं स्वतःचं साधन, त्याला सीएलआय म्हणतात. हेरोकूच्या अधिकृत मदत-पानावरून ६४-बिटचा इन्स्टॉलर उतरवा, नेहमीसारखं नेक्स्ट-नेक्स्ट करत जा. मॅकवर होमब्रू असेल तर त्यातून बसतं. उबुंटूवर अधिकृत पानावरची एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवली की झालं. दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून उतरवू नका. याच साधनाच्या हातात तुमच्या दुकानाची किल्ली जाणार आहे.

मग टर्मिनल उघडा (विंडोजवर पॉवरशेल चालेल) आणि टाइप करा:

हेरोकू --व्हर्जन

आवृत्तीचा आकडा आला की काम फत्ते. पण दर बॅचला निम्म्या लोकांना इथे लाल अक्षरं दिसतात, 'नॉट रेकग्नाइज्ड' वगैरे. घाबरू नका, पुन्हा इन्स्टॉल तर मुळीच करू नका. टर्मिनलची खिडकी इन्स्टॉल करण्याआधीपासून उघडी होती, तिला नवीन साधनाचा पत्ता माहीत नाही, एवढंच. खिडकी बंद करा, नवीन उघडा. तरीही आलं नाही तर एकदा लॅपटॉप रीस्टार्ट.

त्यानंतर:

हेरोकू लॉगिन

ते कुठलंही बटण दाबायला सांगेल, दाबलं की ब्राउझर उघडेल, तिथे ईमेल, पासवर्ड आणि मोबाइलवरचा आकडा द्यायचा. परत टर्मिनलमध्ये आलात की 'लॉग्ड इन ॲज' आणि पुढे तुमचा ईमेल दिसतो. हा ईमेल डोळे उघडे ठेवून वाचा. एकाच लॅपटॉपवर डेव्हलपरनेही कधी काम केलं असेल तर तो त्याचा असू शकतो. शंका आली तर 'हेरोकू ऑथ:हूॲमआय' टाइप करा, कोण म्हणून आत आहात ते सांगेल. एकदा लॉगिन केलं की लॅपटॉप ते लक्षात ठेवतो, म्हणून सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या मशीनवर हे करू नका, आणि केलंच तर उठण्यापूर्वी 'हेरोकू लॉगआउट'.

डेव्हलपरला आत कसं घ्यायचं? पासवर्ड देऊन नाही. त्याचं स्वतःचं अकाउंट असतं, त्याला तुमच्या ॲपवर कोलॅबोरेटर करा: 'हेरोकू ॲक्सेस:ॲड', पुढे त्याचा ईमेल, मग '-ए' आणि ॲपचं नाव. त्याला कोड पाठवता येतो, नोंदी बघता येतात, पण ॲप उडवणं आणि बिल हे मालकाकडे राहतं. काम संपलं की 'ॲक्सेस:रिमूव्ह'. यात अविश्वास नाही, शिस्त आहे. चांगला डेव्हलपर स्वतःच हे सुचवतो.

ज्यांचं ॲप आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे, त्यांनी उलटं करायचं. तो तुम्हाला कोलॅबोरेटर करेल, मग 'हेरोकू ॲप्स:ट्रान्सफर' वापरून ॲप तुमच्याकडे देईल. त्यासाठी तुमच्या अकाउंटवर कार्ड असावं लागतं, कारण तिथून पुढचं बिल तुमचं. हे संबंध चांगले असताना, शेवटचा हप्ता देण्याआधी करून घ्या.

ॲप चढवताना

हे बहुधा डेव्हलपरच करेल, म्हणून थोडक्यात. कोडच्या फोल्डरमध्ये जाऊन 'हेरोकू क्रिएट' आणि पुढे नाव दिलं की प्लॅटफॉर्मवर रिकामी जागा तयार होते. मग 'गिट पुश हेरोकू मेन' म्हटलं की कोड जातो, भाषा ओळखली जाते, लागणारी लायब्ररी बसवली जाते आणि शेवटी 'व्हेरिफाइंग डिप्लॉय, डन' अशी ओळ येते. जुन्या व्हिडिओत 'मेन'च्या जागी 'मास्टर' दिसेल, तुमच्या गिटमध्ये शाखेचं जे नाव असेल ते वापरा. ही दोनच नावं चालतात, दुसऱ्या नावाच्या शाखेतून पाठवलं तर ॲप बनत नाही.

कोडबरोबर 'प्रॉकफाइल' नावाची छोटी फाइल लागते. ॲप सुरू करताना काय चालवायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर कॅपिटल, आणि नावाला शेपूट नाही. विंडोजचं नोटपॅड गुपचूप मागे टीएक्सटी लावतं आणि मग 'ॲप चढलं पण चालत नाही' म्हणून दोन तास जातात. माझे गेले आहेत.

सगळ्यात मोठा खड्डा

आता जे सांगतोय ते नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. डायनोची डिस्क कायमची नसते. हेरोकू प्रत्येक डायनो साधारण दिवसातून एकदा स्वतःहून रीस्टार्ट करतो, आणि नवीन कोड चढवला की तेव्हाही. रीस्टार्ट झाला की ॲपने चालताना डिस्कवर लिहिलेल्या फाइली जातात. गिऱ्हाइकाने अपलोड केलेला फोटो गेला. तयार केलेलं पीडीएफ बिल गेलं. आणि ऑर्डरी एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये ठेवल्या असतील तर त्याही गेल्या. नवशिक्या डेव्हलपरच्या लॅपटॉपवर एसक्यूलाइट झकास चालतं, कारण लॅपटॉपची डिस्क कायमची असते. चाचणी घेतली, दहा ऑर्डरी टाकल्या, दिसल्या, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

तर डेव्हलपरला एकच प्रश्न विचारा: "ऑर्डरी कुठे साठतात आणि फोटो कुठे साठतात?" ऑर्डरींचं उत्तर 'पोस्टग्रेस डेटाबेस' किंवा तसाच वेगळा डेटाबेस असं यायला हवं, फोटोंचं उत्तर 'बाहेरच्या स्टोरेजवर'. "सर्व्हरवरच" असं उत्तर आलं तर पैसे देणं थांबवा आणि आधी हे दुरुस्त करून घ्या.

डेटाबेस वेगळा असला तरी त्याची प्रत आपल्याकडे हवीच. पोस्टग्रेस असेल तर 'हेरोकू पीजी:बॅकअप्स:कॅप्चर' ने प्रत काढली जाते आणि 'हेरोकू पीजी:बॅकअप्स:डाउनलोड' ने ती तुमच्या लॅपटॉपवर येते. दोन्हीपुढे '-ए' आणि ॲपचं नाव. रोज रात्री आपोआप प्रत निघावी असं वेळापत्रकही लावता येतं, आणि वेळ भारताची देता येते. दर शनिवारी हिशेब लिहायला बसता ना, तेव्हाच एक प्रत उतरवा आणि पेन ड्राइव्हवर टाका. प्रत उघडून बघायला डेव्हलपर लागेल, पण ती कुठला डेव्हलपर लागेल हे तुमच्या हातात राहील.

ॲप बंद पडलं तर

गिऱ्हाइकाचा फोन आला, "तुमचं उघडत नाहीये." पहिली कमांड:

हेरोकू पीएस -ए ॲपचं-नाव

समोर 'अप' दिसलं तर डायनो चालू आहे. 'क्रॅश्ड' दिसलं तर कोड कोसळलाय. काहीच डायनो नसेल तर कोणी तरी तो बंद ठेवलाय, 'हेरोकू पीएस:स्केल वेब=१' ने चालू होतो.

दुसरी कमांड:

हेरोकू लॉग्ज --टेल -ए ॲपचं-नाव

ही ॲपची रोजवही. एकेक ओळ वाहत जाते, सगळी समजायची गरज नाही. 'एच' किंवा 'आर' अक्षरापुढे आकडा असा कोड शोधा. एच१० म्हणजे ॲप कोसळलं. एच१४ म्हणजे एकही वेब डायनो चालू नाही, बहुतेक वरचा स्केलचा प्रकार. एच१२ म्हणजे ॲपने ३० सेकंदांत उत्तर दिलं नाही. आर१० म्हणजे सुरू होताना ६० सेकंदांत ॲपने ठरलेल्या पोर्टवर दार उघडलं नाही, हे नवीन ॲपमध्ये सर्रास होतं. हा एक कोड आणि आजूबाजूच्या वीस ओळी डेव्हलपरला पाठवल्यात तर "बघतो" ऐवजी "अर्ध्या तासात होईल" असं उत्तर मिळतं. थांबवायला कंट्रोल आणि सी. आणि उशीर करू नका, हेरोकू शेवटच्या १५०० ओळीच ठेवतो.

तिसरी मला सगळ्यात आवडते. काल रात्री डेव्हलपरने काही तरी 'छोटासा बदल' केला आणि आज पेमेंटचं पान उघडत नाही. 'हेरोकू रिलीजेस' म्हटलं की आजवर चढवलेल्या आवृत्त्यांची यादी येते, प्रत्येकाला व्ही आणि आकडा, कोणी कधी चढवली त्यासकट. कालपर्यंत चालत होती तिचा आकडा बघा, समजा व्ही१२. मग 'हेरोकू रोलबॅक व्ही१२'. थोड्याच वेळात जुना कोड चालू, डेव्हलपर उठेल तेव्हा उठेल. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की कोड मागे जातो, डेटाबेस मागे जात नाही. त्या बदलात डेटाबेसचे रकाने बदलले असतील तर रोलबॅकने गोंधळ वाढू शकतो, म्हणून आधी फोन लावून बघा.

पेमेंट गेटवेच्या गुप्त किल्ल्या, एसएमएसच्या किल्ल्या कोडमध्ये लिहू नयेत, त्या 'हेरोकू कॉन्फिग:सेट' ने प्लॅटफॉर्मवर ठेवतात. डेव्हलपर बदलला की त्या गेटवेच्या पानावरून नवीन काढून इथे बदलायच्या. नुसतं 'हेरोकू कॉन्फिग' म्हटलं की सगळ्या किल्ल्या उघड्या पडद्यावर येतात. मागे एका ऑनलाइन वर्गात एकाने स्क्रीन शेअर चालू असताना हे टाइप केलं, चाळीस जण बघत होते. त्याच रात्री त्याने सगळ्या किल्ल्या बदलल्या. त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकणं हाही तोच प्रकार.

धंदा हंगामी असेल, म्हणजे आंबा, फराळ, राख्या, तर बाकीचे महिने 'पीएस:स्केल वेब=०' करून बेसिक डायनो थांबवा, थांबलेल्या वेळेचं भाडं लागत नाही. डेटाबेसचं मात्र लागत राहतं. शटर ओढलं तरी गोदामाचं भाडं चालू, तसं. शिकताना केलेली रिकामी ॲपही 'हेरोकू ॲप्स' ने यादी काढून तपासा. नको ती 'हेरोकू ॲप्स:डिस्ट्रॉय' ने काढता येतात. ते ॲपचं पूर्ण नाव पुन्हा टाइप करायला लावतं. तिथे थांबून नाव वाचा, कारण त्या ॲपचा डेटाबेसही सोबत जातो आणि मग परत येत नाही.

ताईंचं ॲप त्या मुलाने थकलेले पैसे भरून चालू केलं आणि भाऊबीज झाल्यावर एका रविवारी दुपारी आम्ही तिघांनी व्हिडिओ कॉलवर बसून ते ताईंच्या नावावर घेतलं. चाळीस मिनिटं लागली, त्यातली वीस कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करण्यात गेली. आता ताई शनिवारी स्वतः बॅकअप उतरवतात आणि त्याचा फोटो मला पाठवतात. मी मागितलेला नाही, तरी.

पुढच्या व्हिडिओत स्वतःचं डोमेन ॲपला जोडू. तोवर तुमचं डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे आणि त्याची मुदत कधी संपते, तेवढं बघून ठेवा.